दोन-दोनचं माप

बातमी आली तेव्हा नारायणगावच्या बाजारात माझ्या हातात एका नव्या नवरीचा हात होता. आता मी इथे लिहू शकतो की त्याच क्षणी बांगडी तडकली, आणि तुम्ही विश्वासही ठेवाल. या पुरवणीतल्या माझ्या बाजारगप्पा वाचणाऱ्यांना माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची सवय आहे, पण हे निम्मं तुम्ही नक्की ठेवून घेतलं असतं. तर, तसं काही झालं नाही. बंगल्यावरचा शिवराम ड्रायव्हर भर रस्त्यात गाडी सोडून, मागच्या वीस जीपांचे हॉर्न अंगावर घेत माझ्या दुकानापाशी आला आणि म्हणाला, "कासारभाऊ, आक्का गेल्या." आणि माझ्या हातातली बांगडी नवरीच्या मनगटावर सर्रकन गेली. इतकी अलगद की त्या पोरीला कळलंसुद्धा नाही. मी आपला तिचा हात धरून बसलेला... शेवटी तिची सासू म्हणाली, "भाऊ, भरून झाल्या न्हवं? सोडा की आता हात!"

रत्नमालाआक्का म्हणजे जुन्नर रस्त्यावरच्या द्राक्षबागेतल्या बंगल्याच्या मालकीण. बंगल्याचं नावही 'रत्नमाला', पितळी अक्षरांत, आणि ती अक्षरं अशी घासलेली की दुपारच्या उन्हात तिथून जाताना जीपवाले एका हातानं डोळे झाकून गाडी हाकायचे. दिवाणखान्यात जमिनीपासून छताला भिडलेला आरसा. एकदा एक खताचा एजंट त्या आरशालाच दार समजून आत शिरायला गेला आणि समोरच्या माणसाला "आधी तुमी, आधी तुमी" करत पाऊण तास उभा राहिला. (शिवराम म्हणतो, पाच मिनिटं. शिवरामला गोष्ट सांगता येत नाही.) तालुक्यात गॉगल लावून स्वतः गाडी चालवणारी पहिली बाई आक्काच. लग्नाला जायच्या त्या बरोबर मंगलाष्टकं संपता संपता. मांडवाच्या दारात अशा उभ्या राहायच्या की लोकांच्या माना तिकडे वळायच्या आणि निम्म्या अक्षता नवरानवरीला चुकवून आक्कांच्या अंगावर पडायच्या. एका नवऱ्या मुलानं तर म्हणे हारसुद्धा... पण जाऊ द्या, ती माणसं आजही नारायणगावात राहतात.

आणि या सगळ्या थाटात नवरा कुठे? आक्कांचे यजमान, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, टोमॅटोच्या व्यापारात मोठे झाले, मुंबईकडे गेले आणि तिकडेच त्यांनी दुसरा संसार थाटला. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आक्कांसमोर कोणी बोलत नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला शेठ यायचे, ओवाळून घ्यायचे, बागेत एक चक्कर मारायचे आणि चहाचा कप थंड व्हायच्या आत परत. मूलबाळ नाही. बाग आक्काच बघायच्या, मजूर आक्काच लावायच्या, छाटणीला आक्काच उभ्या. मागे एकटी बाई, अकरा खोल्या आणि तो आरसा.

आता आमच्या धंद्याचं दोन शब्दांत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कासाराचा धंदा अजब आहे. ज्या गावात परक्या पुरुषाच्या वाऱ्याला बायका उभ्या राहायच्या नाहीत, त्याच गावात कासार चौकात बसून दिवसभर बायकांचे हात धरतो आणि कोणाला काही वाटत नाही. उलट बांगड्या भरून झाल्या की बाई वाकून कासाराला नमस्कार करते. दुसरा नियम असा की भरताना बांगडी वाढली (फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं) तर ती कासाराची. गिऱ्हाइकाकडे तिचा पैसा मागायचा नाही. म्हणून आम्ही हात हातात घेताक्षणी माप सांगतो. दोन-दोन म्हणजे अगदी नाजूक हात, दोन-चार म्हणजे चारचौघींसारखा, दोन-सहा म्हणजे कष्टाचा, भरलेला. आणि हात घट्ट असला तर आमच्याकडे एकच औषध, ते म्हणजे बोलणं. बाई गप्पांत गुंतली की मूठ सैल पडते, अंगठ्याखालचं हाड आत दबतं आणि बांगडी पुढे सरकते. माझे वडील म्हणायचे, कासाराची जीभ कोरडी पडली की त्याच्या बांगड्या वाढतात. माझी जीभ कधी कोरडी पडली नाही, हे तुम्ही जाणताच.

वडील थकले आणि नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला मी पहिल्यांदा बंगल्यावर गेलो. आक्का आरशासमोर झोपाळ्यावर बसलेल्या, पायाखाली गालिचा. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दोन-दोन."

मी हात हातात घेतला. दगड! डोंगराएवढा दगड नाही म्हणत, पण पाट्यावरचा वरवंटा तरी नक्की. मी म्हणालो, "आक्का, दोन-चार घेऊ या का?"

"का? माज्या लग्नात तुमच्या वडलांनी दोन-दोनचा चुडा भरलाय. हात त्योच हाय."

"हात त्योच आसंल, आक्का. मदी तुपाचे दिवस गेले."

"कासारभाऊ, तुमी बांगड्या भरायला आलाय का माज्या ताटात बघायला?"

त्या दिवशी दोन डझन चढवायला सव्वा तास लागला आणि नऊ बांगड्या वाढल्या. घरी आलो तो बायकोपुढे आरडाओरडा करत. आमची शकू म्हणजे शकुंतला, कासाराचीच लेक, माझ्याइतकीच हाताची सफाई असलेली. "एवढी शिरीमंत बाई, आन हौस बघा, पन्नाशीला टेकली तरी दोन-दोन पायजे!" शकू आपल्याच हातात आपणच बांगड्या चढवत बसली होती. ती नेहमी आपल्या आपणच भरायची. मी जगाचे हात धरण्यात गुंतलेला. ती म्हणाली, "मग द्या की. तुमच्या बापाचं काय जातंय?" म्हटलं, "बापाचंच जातंय!" पण दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून द्राक्षांच्या दोन पेट्या आल्या, आणि मग मी काही बोललो नाही.

दर महिन्याला बोलावणं. लुगड्याचा रंग बदलला की बांगड्यांचा रंग बदलायचा, आणि लुगडी दोन कपाटं भरून. दर वेळी दोन-दोन, दर वेळी वरवंटा, दर वेळी तास-सव्वा तास आणि बांगड्यांचा चुरा. एकदा मी चलाखी केली, दोन-चारचा डझन दोन-दोनच्या कागदात बांधून नेला. आक्कांनी कपाटातून जुनी बांगडी काढली, दोन्ही एकमेकींवर ठेवल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. "थापा तोंडानं मारायच्या, कासारभाऊ. मालात न्हाई."

मग तोंडानंच मारल्या. हात सैल पडावा म्हणून मी जी गोष्ट सुरू केली ती एकोणीस वर्षं संपली नाही. गोष्ट अशी. मी एकदा बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आहुप्याहून परत येत होतो. दिवस मावळतीला लागलेला, मी देवराईतून चाललेलो. त्या देवराईतली फांदीसुद्धा कोणी तोडत नाही, त्यामुळे तिथे झाडं आपल्याला वाटेल तेवढी वाढतात आणि जनावरंही. तर वाटेत बिबट्याची मादी. बसलेली. मी मेलोच. पण ती उठेना. तिनं पंजा पुढे केला... आणि माझ्या पेटीकडे बघितलं.

"मग?" आक्का.

"मग काय, भरल्या! डझनभर. लाल."

"माप?"

"दोन-दोन."

आक्का अशा हसल्या की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या, आणि तीन बांगड्या जागीच वाढल्या.

पुढल्या महिन्यात पुढची गोष्ट. मादी चालली की बांगड्या वाजायच्या, आवाजानं शेळ्या पळायच्या, ससे पळायचे, मढपासून माळशेजपर्यंत रानाला कळायचं की बाई निघाल्या. "आन मग खाती काय?" आक्कांनी विचारलं. म्हटलं, "उपाशी, आक्का. पर बांगड्या काढत न्हाई. डोहाच्या कडंला बसती आन पाण्यात आपला पंजा बघती." आक्का हसता हसता थांबल्या. आरशात बघत म्हणाल्या, "एकटीच बसती?" मी म्हणालो, "एकटीच." हात जास्तच घट्ट झाला. मी मनात म्हटलं, काय अजब बाई, गोष्ट रंगली की जगाचा हात सैल पडतो, हिचा आवळतो!

एका वर्षी मात्र महिन्यात तीनदा बोलावणं आलं. पुण्याहून द्राक्षाचा सल्लागार येऊ लागला होता. पस्तिशीचा, देखणा, शर्ट पांढरा इतका की त्याच्या उजेडात घड पिकावेत. त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी मोतिया बांगड्या, मग निळ्या, मग सोनेरी टिकल्यांच्या. आक्का बागेत त्याच्या पुढे पुढे, हात वर करून वेल दाखवायच्या, बांगड्या कोपरापर्यंत खळाळत घसरायच्या. आणि तो? तो म्हणायचा, "मॅडम, जरा पान हलवू नका." तिसऱ्या खेपेनंतर मी गेलो तेव्हा आक्का भडकलेल्या. "मेल्याला पानामागचा ठिपका दिसतो, कासारभाऊ! एवढं माणूस समोर उभं ऱ्हातंय, ते दिसत न्हाई!" मी हसलो, त्याही हसल्या. मग आरशाकडे बघत म्हणाल्या, "मला काय पायजे व्हतं त्याच्याकडून... काय न्हाई. नुसतं बघायचं व्हतं त्यानं." त्या दिवशी मी अर्धा तास जास्त बसलो. बांगड्या किती वाढल्या ते मोजलं नाही.

आणि मग शेठ गेले. गावी आणलं त्यांना. दोन्हीकडची माणसं अंगणात, एकमेकांकडे न बघता उभी. म्हाताऱ्या बायकांनी आक्कांना उंबऱ्याशी बसवलं. चारच दिवसांपूर्वी मी तास खपून चढवलेल्या पोपटी बांगड्या, एका दगडानं एका मिनिटात... मी गर्दीत मागे उभा होतो. आमच्या धंद्यात 'फुटली' म्हणायचं नसतं, पण त्या वाढल्या नव्हत्या. त्या फोडल्या. आक्का रडल्या नाहीत. मांडीवरचे उघडे हात बघत राहिल्या, कोणीतरी आपल्याकडे ठेवायला दिलेले असावेत तसे.

महिन्याभरानं शिवराम आला. "आक्कांनी बोलावलंय."

आता तुम्ही म्हणाल, गेला असाल धावत. नाही गेलो. विधवेच्या घरी कासार जात नाही. जगात मी बिबट्याला बांगड्या भरलेला माणूस, पण बाजारातल्या चार माणसांना भ्यालो. शेजारचा भांडीवाला आधीच म्हणाला होता, "काय राव, मोठं गिऱ्हाईक गेलं तुमचं." शिवरामला सांगितलं, ताप आहे. दुसऱ्यांदा आला तर सांगितलं, रस्त्यात बिबट्या बसलाय, वाहतूक बंद. तिसऱ्यांदा तो नुसता दुकानासमोर गाडी लावून बसून राहिला. संध्याकाळी घरी मी शकूला म्हणालो, "तू जा. बाईमाणूस गेलं तर कोण बोलनार न्हाई." शकूनं माझ्याकडे बघितलं, आणि सकाळी पेटी उचलून गेली.

आणि लगेच परत आली! मला वाटलं, वाटेतूनच फिरली. "काय झालं? भरल्या न्हाईत?"

"भरल्या की. दोन डझन. जांभळ्या."

"इतक्यात?"

"धा मिनिटं. चहा प्यायला त्येच्यापरीस येळ लागला."

"आन वाढल्या किती?"

"एक न्हाई."

मी हसलो. "म्हंजे दोन-सहा भरल्यास."

"दोन-दोन," शकू म्हणाली. "अवो, हात हाय का लोनी! मी नुसती धरली आन गेली सर्रकन."

मी उभा होतो तो बाजेवर बसलो. पंधरा वर्षं! पंधरा वर्षांत मी तालुक्यातली दोन हजार मनगटं वाचली, मुठीवरून सासूसुनेचं भांडण ओळखलं, आणि या बाईनं मूठ आवळून मला समोरासमोर फसवलं. ज्याच्या थापा सगळा जुन्नर-आंबेगाव मिटक्या मारत ऐकतो त्याला! मी मोठ्यानं हसायला लागलो. हौस म्हणे दोन-दोनची! हौस होतीच, हात खरोखर तसाच होता म्हणून तोरा होता. पण बांगड्या वाढत होत्या त्या मापामुळे नाही. बांगडी अडली की मी हात सोडत नसे, गोष्ट थांबवत नसे, एवढंच त्यामागे होतं. मी हसता हसता शकूकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"मी भरत व्हते आन त्या दाराकडं बघत व्हत्या," ती म्हणाली. मग पेटीचं झाकण लावता लावता म्हणाली, "उद्या तुमी जावा. आन दोन डझन जास्तीच्या न्या. वाढायला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पेटी डोक्यावर घेऊन, बाजारातून, भांडीवाल्याच्या समोरून, त्याला "राम राम पावणं" करत मी बंगल्यावर गेलो. आक्का झोपाळ्यावर. माझ्याकडे न बघता आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उठला का बिबट्या रस्त्यातनं?"

"उठला, आक्का. तुमचं नाव सांगितलं."

"हिरव्या काढू नका. हिरवा रंग मला कदी शोभलाच न्हाई, शेठच्या नावानं घालत व्हते. जांभळ्या आनखी द्या." मग हात पुढे आला. "दोन-दोन."

मी हात धरला. वरवंटा! पहिलीच बांगडी अंगठ्याशी अडली, कट्ट, वाढली. मी म्हणालो, "आक्का, हात लई घट्ट हाय." "मग सावकाश भरा," त्या म्हणाल्या, "मादीचं काय झालं त्ये सांगा." दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघंही एक शब्द बोललो नाही. इतकी चोख थाप मी आयुष्यात कोणाबरोबर मारलेली नाही. पुढच्याच आठवड्यात आक्का गॉगल लावून, दोन्ही मनगटांवर जांभळ्या जंबो द्राक्षांच्या रंगाचा चुडा घेऊन स्वतः गाडी चालवत नारायणगावच्या बाजारातून गेल्या. लोक बोलले. खूप बोलले. आक्कांनी काच खाली केली, म्हणजे हात दिसावा.

अशी आणखी चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. आक्कांचा पलंग आरशासमोर आणलेला. तोंडाला पावडर, केस विंचरलेले, आणि पांघरुणाखाली माणूस किती उरलंय ते कळत नव्हतं. हात पुढे आला. मी धरला. त्यांनी मूठ आवळली, दातांवर दात ठेवून आवळली, मला कपाळावरची शीर दिसत होती. आणि मी बांगडी लावली तर ती त्या आवळलेल्या मुठीवरून तशीच सैल आत गेली. कुठे अडलीच नाही. दुसरीही तशीच. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती. हे असं चाललं तर पाच मिनिटांत संपणार होतं आणि मी पेटी बंद करून उठणार होतो.

आमच्या घराण्यात बांगडी मुद्दाम वाढवणं म्हणजे देवाच्या मूर्तीला पाय लावणं. तिसरी बांगडी मी त्यांच्या अंगठ्यापाशी नेली आणि माझ्याच दोन बोटांत दाबली. कट्ट.

"आक्का, काय हो हात! दगड हाय नुसता."

त्यांचा चेहरा असा फुलला... यातलं निम्मं वजा करू नका, कृपा करा. "मग!" त्या म्हणाल्या. "दोन-दोनचा हात हाय. सावकाश भरा."

त्या दिवशी मी एकवीस बांगड्या वाढवल्या. माझ्या बोटांवर रक्त आलं, ते मी धोतराला पुसत राहिलो. मादीची गोष्ट चालली होती. डोहाकाठी बसून बसून तिला वाटतं, ज्यानं बांगड्या भरल्या त्याला एकदा बघावं, म्हणून ती आहुप्याहून निघते, शेतातून, उसातून, बांगड्या वाजवत... आक्कांचे डोळे मिटत आले. "मग ती आली का परत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "त्ये पुढच्या येळी." आयुष्यभर गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, तसंच तेव्हाही सांगितलं.

आक्का गेल्यावर, परवा मढच्या बाजाराला निघताना पेटी उघडली तर वरच दोन डझन जांभळ्या, दोन-दोन, कागदात वेगळ्या बांधलेल्या. वाढायच्या. शकूनं सवयीनं ठेवल्या होत्या. मी तो कागद हातात घेऊन ओट्यावर बसलो. बाजाराला गेलोच नाही. शकू बाहेर आली, कागदाकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं, आणि शेजारी टेकली. एकतीस वर्षांच्या संसारात माझी एकही गोष्ट या बाईनं पुरती ऐकली नव्हती. ती म्हणाली, "मग ती मादी आली का वो परत?"

मी म्हणालो, "हात कर पुढं."

ती लाजली. या वयात! मग हात पुढे केला. तिचं माप दोन-सहा, माझ्यापेक्षा कोणाला ठाऊक? मी दोन-सहाचीच बांगडी काढली. ती लोण्यासारखी जायला हवी होती. अंगठ्यापाशी अडली. बघतो तर शकूनं मूठ गच्च आवळली होती.

"मग?" ती म्हणाली.